मुका भोंगा घेऊन वाळूजला

११ नोव्हेंबर हा मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्मदिवस. २००८ पासून तो राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून साजरा होतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची, शहराच्या एका जुन्या मोहल्ल्यातली. (शहराचे नाव कागदावर आम्ही छत्रपती संभाजीनगर लिहितो, बोलताना तोंडात औरंगाबादच येते.) त्या दिवशी सहावीतली एक मुलगी मराठीतून भाषण करणार होती. घरात मराठी बोलणारे कोणी नाही. पंधरा दिवस मधल्या सुट्टीत येऊन तिने एकेक वाक्य घोटले होते. 'स्वातंत्र्य' हा शब्द तिच्या जिभेवर बसायलाच चार दिवस लागले.

ती उभी राहिली, छान सुरुवात झाली. अंगणातल्या भोंग्यातून आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता, जरा फाटका होता, पण मागच्या रांगेतल्या अम्मी-नानींपर्यंत पोचत होता म्हणून आम्ही खूश. चौथ्या मिनिटाला भोंगा किंचाळला, कुठून तरी जळका वास आला आणि सगळे शांत. मुलीचे ओठ हलत होते. मग तेही थांबले. ती खाली बसली आणि ओढणीत तोंड लपवून रडली.

आम्ही नवराबायको या एकाच शाळेत शिकवतो. आमच्यापैकी एकाकडे उर्दू आणि मराठी, दुसऱ्याकडे विज्ञान. भोंग्याचे सामान आमच्याच ताब्यात असते, कारण दोन वर्षांपूर्वी पालकांकडून चंदा गोळा करून ते आम्हीच घेतले होते. चंद्याची वही अजून कपाटात आहे. शंभर, पन्नास, एका ओळीत वीससुद्धा. पुष्कळ पालक वाळूजच्या कंपन्यांत कंत्राटावर जातात, काही गाडा लावतात. त्यामुळे भोंगा बंद पडला तेव्हा पहिला विचार पैशाचा आला आणि दुसरा, दोष कोणाचा याचा. दोष पटकन सापडला. शाळेचे शिपाई, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी भोंगे पावसाळाभर गच्चीवर उघडे ठेवले होते. पाणी गेले असणार. हे आम्ही त्यांना सगळ्यांसमोर ऐकवले. चाचा काहीतरी म्हणू लागले, ‘सर, तो डबा...’ आम्ही म्हटले, ‘आता डबा-बिबा नको.’ ते गप्प बसले.

शहरातल्या एका दुकानदाराने मीटर लावून पाहिले आणि सांगितले, दोन्ही भोंग्यांची युनिटे गेली. हॉलमधले दोन मोठे स्पीकरही आधीपासून बिघडलेले होते, तेही त्याला दाखवले. तो म्हणाला, सगळे नवे घ्या, नऊ हजार चारशे. दुरुस्ती? ‘आजकाल कोण करतो?’

कोण करतो ते आम्हाला एका बॅन्डवाल्याने सांगितले. वाळूजला जा, रांजणगावच्या बाजूला एक उस्ताद आहेत.

म्हणून नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही दोघे आणि आठवीतली लेक, दोन गोण्या घेऊन बसमध्ये चढलो. एका गोणीत भोंग्यांची युनिटे आणि अ‍ॅम्प्लिफायर, दुसरीत स्पीकर. बसल्यावर पाच मिनिटांत दुसरी गोणी सीटच्या लोखंडी पायाला जी चिकटली ती सुटेना. स्पीकरची लोहचुंबके. कंडक्टरने आधी आमच्याकडे संशयाने पाहिले आणि मग स्वतःच जोर लावून गोणी सोडवली. ‘काय आहे त्यात?’ लेकीने गंभीरपणे सांगितले, ‘आवाज.’

छावणी मागे पडली, नगर नाका गेला, गोलवाडी आली. हा नगरचा रस्ता. याच रस्त्याने सरळ पुढे गेले की अहिल्यानगरचा, म्हणजे अहमदनगरचा, भुईकोट किल्ला. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या एप्रिलपर्यंत मौलाना आझाद तिथे कैदेत होते आणि ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे त्यांनी तिथेच लिहिली. पत्रे लिहिली, पण पाठवायची सोय नव्हती. ती १९४६ मध्ये पुस्तकात आली. ज्यांच्या जयंतीला भोंगा बंद पडला त्यांच्याच रस्त्याने आम्ही तो घेऊन चाललो होतो, हे लक्षात आल्यावर जरा हसू आले.

वाळूज म्हटले की शहरातल्या माणसाला एमआयडीसी आठवते. मूळ वाळूज गाव गंगापूर तालुक्यातले, ते आणखी पुढे आहे. १९८५ च्या नोव्हेंबरात तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या इथल्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि पाहता पाहता रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या. बजाजनगर वसले, रांजणगाव शेणपुंजी आणि जोगेश्वरी ही खेडी खोल्यांच्या चाळींनी फुगली. बीड-जालना-परभणीचा माणूस इथे आला, तसा बिहार-उत्तर प्रदेशचाही आला. वाटेत पंढरपूर लागते, ते छोटे पंढरपूर. आषाढीला इथे दिंड्या येतात आणि हा सगळा रस्ता माणसांनी भरतो. आम्ही गेलो तेव्हा मात्र चौकात भाजीचे गाडे होते, आणि प्रत्येक गाड्यावर एक छोटा स्पीकर, ‘टमाटे वीस, टमाटे वीस’ म्हणत होता. बोलणारा माणूस शेजारी मोबाइल पाहत बसलेला.

उस्तादांचे दुकान म्हणजे दहा बाय बाराची पत्र्याची खोली. शेजारी मोटर वाइंडिंग, पलीकडे वेल्डिंग, त्यापलीकडे बिर्याणी. हा शेजार योगायोगाचा नाही, हे नंतर कळले. उस्ताद पूर्वी मोटर वाइंडिंगच करत. कारखान्यांच्या जळलेल्या मोटरी उघडून तांब्याची तार नव्याने गुंडाळायची. ‘स्पीकर तरी दुसरे काय आहे? लोहचुंबक आणि तार. मोटर गोल फिरते, हा पुढे-मागे हलतो.’ विज्ञान शिकवणाऱ्याने मान डोलावली. हे वाक्य आपण वर्गात इतक्या सोप्या शब्दांत कधी सांगितले नाही, असे घरी आल्यावर कबूल केले.

यंत्र खरोखर तेच आहे. १९१५ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी भोंगा लावलेले असले यंत्र गर्दीसमोर वाजवून दाखवले. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूच्या स्पीकरला आजचे रूप दिले. शंभर वर्षांत बाहेरचा डबा बदलला. आत अजून तेच. लोहचुंबकाच्या मधोमध नखाएवढी नाही, कागदाच्या दोन-चार घड्यांएवढी फट, त्या फटीत अधांतरी लटकलेली तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, आणि तिला जोडलेला पडदा किंवा शंकू. गुंडाळी हलली की पडदा हलतो, पडदा हलला की हवा. फटीच्या कडेला गुंडाळी कुठेही घासता कामा नये.

उस्तादांनी पहिले युनिट घेतले. मीटर लावला. काटा हललाच नाही. दुसरे घेतले. तेही तसेच. ‘दुकानदार खोटे बोलला नाही,’ ते म्हणाले, ‘पण त्याने झाकण उघडले नाही.’ त्यांनी पहिल्याच्या मागचे स्क्रू काढले. झाकण निघताच ११ तारखेचा तो वास पुन्हा खोलीत पसरला. पडद्याच्या मागची गुंडाळी काळीठिक्कर. मग दुसरे उघडले. यातली गुंडाळी लालसर, चकचकीत, जणू कालच बसवली. मीटरची टोके थेट गुंडाळीला लावली तर काटा १२-१३ ओहमवर जाऊन उभा राहिला. युनिट सोळा ओहमचे असले तरी मीटरवर आकडा त्याहून थोडा कमीच दिसतो, हे ठीक. मग बिघाड कुठे? बाहेरच्या खिळ्यापर्यंत येणारी केसासारखी तार हिरवी पडून तुटली होती. उस्तादांनी ती खरवडली, दोन थेंब डाक दिला. शंभर रुपये. बाहेरून दोन्ही सारखीच मेलेली. एकाचा जीव गेलेला, दुसऱ्याची फक्त वाट बंद.

जळलेल्याचाही फक्त पडदाच बदलायचा असतो. बाजारात तो गुंडाळीसकट तयार मिळतो, मात्र त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा हवा. गुंडाळीचा व्यास किंचित वेगळा असला तरी घासतो. जुना पडदा काढल्यावर उस्तादांनी जे केले ते लेक श्वास रोखून पाहत होती. चिकटपट्टीची उलटी घडी एका कार्डाला लावली आणि ती त्या गोल फटीत सावकाश फिरवली. पट्टी बाहेर आली तेव्हा तिच्यावर जळलेल्या लाखेची भुकटी आणि लोखंडाचे बारीक कण. तीन वेळा, चार वेळा, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. ‘इथे घाई केली की गिऱ्हाईक आठ दिवसांत परत.’ मग नवा पडदा बसवून स्क्रू एकाआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. कान जवळ नेऊन बारीक आवाज सोडला. खरखर नाही. साडेतीनशे रुपये. नव्या युनिटला दुकानदाराने दोन हजारांच्या आसपास सांगितले होते.

हॉलच्या स्पीकरची गोष्ट वेगळी. बारा इंची कागदी शंकूचे ते. पहिल्याची कड उंदराने कुरतडलेली. उस्तादांनी दोन्ही अंगठ्यांनी शंकू हळूच आत दाबला, सोडला. सहज आत-बाहेर गेला. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला, ‘टक्’ झाले. चुंबक ठीक. छोटी फाट असती तर पातळ कागद आणि सरस लावून भागले असते. इथे कडच गेली, म्हणून शंकू, गुंडाळी आणि आतली नागमोडी कापडाची चकती, सगळे नवे. गुंडाळी फटीत मधोमध राहावी म्हणून ती चिकटवताना भोवती जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचतात, सरस सुकला की ओढून काढतात. सातशे रुपये, आणि सुकायला एक पूर्ण दिवस हवा.

दुसरा स्पीकर बाहेरून अगदी नवा दिसत होता. शंकूला ओरखडा नाही. उस्तादांनी अंगठे ठेवले, शंकू हललाच नाही. ‘हा पडला होता?’ पडला होता, गेल्या स्नेहसंमेलनात, स्टेजवरून. मागचे चुंबक सरसाने चिकटवलेले असते. जोराचा मार बसला की ते जागचे सरकते, फट एका बाजूने मिटते आणि गुंडाळी चिमटीत सापडते. ‘ठोकून सरकवतात काही जण. मीही पैसे घेऊन करून देईन. महिन्याने तुम्ही शिव्या देत याल. हा नवाच घ्या.’ जे सर्वांत चांगले दिसत होते तेच टाकायचे, आणि जे कुरतडलेले तेच वाचले. आम्ही दोघे काही बोललो नाही. लेक म्हणाली, ‘याचे चुंबक मी घेऊ?’

इथवर आमचा हिशेब खूश होता. साडेतीनशे, शंभर, सातशे आणि नव्या स्पीकरचे चोवीसशे, एकूण तीन हजार पाचशे पन्नास. चंद्याच्या वहीला तोंड दाखवता येईल. पण उस्तादांनी जळलेला पडदा पुन्हा हातात घेतला. ‘पावसाने गेले असे म्हणालात ना? पाण्याने गेलेला असा दिसत नाही. पाण्याने गंज येतो, पडदा फुगतो. हा आगीने गेलाय. त्या दिवशी तारा कोणी जोडल्या?’

तारा आम्ही जोडल्या होत्या. चाचांना त्या दिवशी यायला उशीर झाला होता. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ओळीने स्क्रू असतात. अक्षरे पुसट झालेली, पण १०० व्होल्टच्या स्क्रूवर जुनी लाल टेप होती. नेहमी तिथेच तारा असतात म्हणून आम्ही तिथेच लावल्या.

‘मग ट्रान्सफॉर्मर कुठे आहे?’

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दिवाळीच्या सुट्टीत शाळेला रंग दिला तेव्हा भोंग्यांजवळची लोखंडी डबी काढून ठेवली होती. वर्तमानपत्रात गुंडाळून. खेळाच्या कपाटात. ‘सर, तो डबा...’

लांब तारेने भोंगे चालवायचे तर अ‍ॅम्प्लिफायर १०० व्होल्टच्या लाइनवर आवाज पाठवतो, आणि भोंग्याजवळचा लाइन ट्रान्सफॉर्मर तो उतरवून युनिटला झेपेल एवढाच देतो. मधली डबी नसेल तर? उस्तादांनी पुठ्ठ्यावर गणित मांडले आणि पेन आमच्याकडे दिला. शंभराचा वर्ग, भागिले सोळा. सहाशे पंचवीस वॅट. आमचा अ‍ॅम्प्लिफायर एवढे देऊच शकत नाही, पण जेवढे देऊ शकतो तेवढे साठ वॅटचे युनिट जाळायला पुरते. आवाज मोठा आणि फाटका येत होता तो त्यामुळेच. आम्ही ज्यावर खूश होतो ती युनिटची शेवटची चार मिनिटे होती. दुसरे युनिट का वाचले? त्याची तार आधीच तुटलेली होती. मुके होते म्हणून वाचले. ‘नवी घेऊन गेला असतात,’ उस्ताद म्हणाले, ‘तर या वेळी दोन्ही जळाली असती.’

खोलीत जरा वेळ फक्त वेल्डिंगचा आवाज. विज्ञान शिकवणाऱ्याचे कान लाल झाले होते. उर्दू-मराठीवाल्यालाही काही शब्द सुचेना, कारण चाचांना सगळ्यांसमोर बोललेले शब्द त्याचेच होते.

उस्तादांनी चहा मागवला. त्यांना बहुधा आमची दया आली असावी, कारण ते आपण होऊन दुसऱ्या गोष्टीवर आले. त्यांच्याकडे आता भोंगे पूर्वीपेक्षा कमी येतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत लाउडस्पीकरला बंदी आहे आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. मशिदींच्या कमिट्या, मंदिरांची मंडळे, दोन्हीकडचे लोक आता आत बसवायचे छोटे बॉक्स मागतात. त्यांना त्याचे वाईट वाटत नाही. ‘जळालेले येतात ते सगळे मोठ्या आवाजाचे बळी. हळू वाजवलेला स्पीकर मी वीस वर्षे जुना पाहिलाय.’ ते स्पीकरला गमतीने मुकब्बिर म्हणतात. मोठ्या जमातीत इमामांची तकबीर मागच्या रांगांपर्यंत मोठ्याने पोचवणारा माणूस तो मुकब्बिर. आमच्या आजोबांच्या पिढीत उर्दूत लाउडस्पीकरला ‘आला-ए-मुकब्बिरुस्सौत’ असेच भारदस्त नाव होते, आणि नमाजात तो वापरावा की नाही यावर उलेमांत मोठी चर्चा झाली. मुफ्ती मुहम्मद शफी यांच्या ‘आलात-ए-जदीदा के शरई अहकाम’ या पुस्तकात तिचा तपशील आहे. हे सांगितल्यावर उस्ताद खूश झाले. ‘म्हणजे माझा धंदा किताबात आहे!’

परतीच्या बसमध्ये गोणी हलकी होती. एक स्पीकर सुकायला मागे राहिला, एक भंगारात गेला, त्याचे चुंबक लेकीच्या दप्तरात. छोटे पंढरपूर येईपर्यंत आम्ही गप्पच होतो. मग ‘तू टेप पाहिलीस’ आणि ‘स्क्रू तुम्ही आवळलात’ असे थोडे झाले. नगर नाक्यापर्यंत तेही संपले.

सोमवारी परिपाठ झाल्यावर, सगळे शिक्षक आणि मुले अंगणात उभी असतानाच, आम्ही सांगितले की भोंगा चाचांच्या हलगर्जीपणामुळे जळाला नव्हता. तारा आम्ही चुकीच्या जोडल्या होत्या, चाचांनी सांगायचा प्रयत्न केला होता आणि आम्ही ऐकले नव्हते. जिथे बोललो होतो तिथेच हे सांगायला हवे होते. बोलायला माइक नव्हता, त्यामुळे मागच्या रांगेला ऐकू जावे म्हणून बरेच ओरडावे लागले. चाचा फाटकाजवळ उभे होते. ते पुढे आले नाहीत. नंतर खेळाचे कपाट उघडून आम्ही वर्तमानपत्रातली ती डबी त्यांच्या हातात दिली आणि पुन्हा एकदा, या वेळी हळू आवाजात, माफी मागितली. त्यांनी डबीवर फुंकर मारली, खिशातल्या रुमालाने टोके पुसली. म्हणाले, ‘शिडी धरता का, सर? एकट्याने हलते.’

आम्ही शिडी धरली. भोंग्यांची तोंडे चाचांनी या वेळी रस्त्याकडून अंगणाकडे वळवली आणि जरा खाली झुकवली, पाणी आत राहू नये म्हणून. टेपच्या जागी स्केचपेनने १०० हा आकडा पुन्हा लिहिला.

गुरुवारी ती सहावीतली मुलगी माइकसमोर आली. तिला विचारले, राहिले होते तिथून म्हणतेस का? तिने मान हलवली आणि पहिल्या वाक्यापासून सुरू केले. ‘स्वातंत्र्य’ला ती अजून अडखळते. त्या दिवशीही अडखळली, आणि ते दोन्ही भोंग्यांतून ऐकू आले.